बेस आणि बास

पुण्याच्या तपकीर गल्लीत काय, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय, होम थिएटर विकणाऱ्या दुकानातला प्रयोग ठरलेला असतो. विक्रेता पडद्यावर एखाद्या युद्धपटाचा तुकडा लावतो, सबवूफरचे बटण पाऊणभर फिरवतो, स्फोट होतो, काउंटरची काच थरथरते आणि गिऱ्हाईक मान डोलावते. मग तोच तुकडा दुप्पट किमतीच्या संचावर. काच जास्त थरथरते, मानही जास्त डोलते. नेमके काय जास्त ऐकू आले हे गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. पण दुसरा संच ‘परवडत नाही’ एवढे मात्र पक्के कळते, आणि पहिला संच ते मन मारून घेते. मन मारून घेतलेली वस्तू घरात येते ती उणीव बनूनच. मला विचार करायचा आहे तो त्या उणिवेचा. ती खरोखर कानाला जाणवलेली असते, की दुकानातल्या पाच मिनिटांत तयार झालेली? ‘किती पुरे’ हा धर्माचा फार जुना प्रश्न. पण त्याचे उत्तर बहुधा उपदेशाच्या स्वरात मिळते, पडताळून पाहता येईल असे मिळत नाही. आवाजाच्या बाबतीत ते पडताळता येते, म्हणून हे वरवर किरकोळ वाटणारे उदाहरण मला मोलाचे वाटते. मराठीत खर्जाच्या घुमाराला आता सर्रास ‘बेस’ म्हणतात आणि पुरे झाले म्हणायला ‘बास’. एका मात्रेच्या जागी काना, एवढाच फरक. माझे म्हणणे असे की ‘बास’ कुठे म्हणायचे याच्या खुणा कानात, खोलीत आणि शेजारच्या भिंतीत आधीपासूनच असतात. पाकीट हे सगळ्यात शेवटचे कुंपण. त्या खुणा ओळखता आल्या तर स्वस्त संच घेताना मन मारावे लागत नाही, कारण मारण्यासारखे मनात काही उरलेले नसते.

परिग्रहाचा विचार जैनांइतक्या बारकाईने क्वचितच कोणी केला असेल. साधूला सर्वस्वाचा त्याग सांगितला आहे; गृहस्थाला, म्हणजे श्रावकाला, पाचवे अणुव्रत आहे ते परिग्रहपरिमाणाचे: आपल्याजवळ किती असावे याचे माप आपणच ठरवून घेणे. कोल्हापूर-सांगलीकडच्या मराठी जैन घरांना हा शब्द नवा नाही. त्याच्या जोडीला भोगोपभोगाचेही माप सांगितले आहे. भोग म्हणजे एकदा वापरून संपणारे, जेवणासारखे, आणि उपभोग म्हणजे पुन:पुन्हा वापरायचे, वस्त्रासारखे, घरासारखे. स्पीकर अर्थातच दुसऱ्या रांगेत. या व्रतांत माप आधी ठरवायचे असते, वस्तू डोळ्यांसमोर येण्यापूर्वी. वस्तू समोर आली की माप ठरवणारा माणूस पूर्वीचा राहत नाही, ही व्यवहारी जाण त्यात आहे. त्याहून खोल आहे ती व्याख्या. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वाती परिग्रहाची व्याख्या करतात तेव्हा वस्तूंची मोजदाद करत नाहीत. ते परिग्रहाला मूर्च्छा म्हणतात. टीकाकार तिचा अर्थ ममत्व, आसक्ती असा लावतात, आणि तो बरोबरच आहे. पण सूत्रकाराने निवडलेला शब्द बेशुद्धीचा आहे. ज्याच्याकडे काही नाही तोही परिग्रही असू शकतो, एवढाच बोध यातून सहसा घेतला जातो. शब्दाकडे नीट पाहिले तर दावा याहून धीट आहे. आसक्ती माणसाची जाणीव मंद करते. जी वस्तू आपल्याला हवी आहे, नेमकी तीच आपल्याला धड दिसत नाही, धड ऐकू येत नाही. हे रूपक आहे असे समजून आपण पुढे जातो. ते रूपक नसावे, अशी शंका घेण्याइतका पुरावा एका अगदी वेगळ्या ठिकाणाहून मिळतो.

१९९४ साली फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या हार्मन कंपनीतल्या दोन संशोधकांनी एक साधी चाचणी घेतली. चार स्पीकर, चाळीस श्रोते. श्रोते कंपनीतलेच, म्हणजे आवाजाच्या धंद्यातले. त्यांनी हे स्पीकर एकदा पडद्याआड ठेवलेले ऐकले आणि एकदा समोर दिसत असताना ऐकले, आणि दर वेळी गुण दिले. चारांपैकी एक संच लहान, स्वस्त, सबवूफर आणि चिमुकले स्पीकर असा होता. बाकीचे मोठे, देखणे, महागडे. पडद्याआड हा लहान संच मोठ्यांच्या बरोबरीने टिकून राहिला. पडदा दूर झाला, त्याचे रूप दिसले, आणि त्याचे गुण घसरले; मोठ्यांचे वाढले. इथपर्यंतचे कोणालाही अपेक्षित वाटेल. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. स्पीकरची खोलीतली जागा बदलली की आवाज खरोखरच बदलतो, आणि पडद्याआड ऐकताना श्रोत्यांना तो बदल कळत होता, त्यांचे गुण त्याप्रमाणे हलत होते. डोळ्यांसमोर स्पीकर असताना मात्र हा खराखुरा बदल त्यांच्या गुणांत जवळपास उमटेनासा झाला. नावाची, आकाराची, किमतीची जाण आली आणि कान बधिर झाले. त्यातून सरावलेले श्रोतेही सुटले नाहीत. मूर्च्छा या शब्दाला याहून नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही: वस्तू समोर आहे, ती आपल्याला आवडलीही आहे, आणि तिच्यातून काय निघते आहे हे आपल्याला कळत नाही. दुकानातले गिऱ्हाईक याच अवस्थेत असते. शिवाय तिथे दुसरा संच थोडा मोठ्या आवाजात लावलेला असतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो, ही जास्तीची फसगत वेगळीच.

तेव्हा मूर्च्छा बाजूला ठेवून कानाला विचारले तर तो किती मागतो? माणसाला ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येते असे म्हणतात. सबवूफरच्या खोक्यावर हा २० चा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, आणि तिथवर पोचणारा सबवूफर महाग असतो. पण त्या खोलीत वाजणारे असते काय? पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. काळी एक स्वरात गाणाऱ्या गवयाच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार घ्या; ती ६९ हर्ट्झच्या आसपास लागते. म्हणजे ज्या घरात अभंग, खयाल, नाट्यगीते, बातम्या आणि बहुतेक सगळे मराठी चित्रपट ऐकले जातात, त्या घराला ६० हर्ट्झच्या खाली फारसे काही लागतच नाही. ४० पर्यंत नीट उतरणारा सबवूफर असला की पदरात वरकड माप पडते. त्याखाली उरतात सिनेमातले स्फोट, भूकंप, आणि चर्चमधल्या ऑर्गनच्या सर्वांत लांब नळ्या. बत्तीस फुटी नळीचा स्वर सोळा हर्ट्झचा, जो कानापेक्षा छातीलाच अधिक कळतो. शिवाय कान खालच्या टोकाला मुळातच ठेंगणा आहे. हजार हर्ट्झचा आवाज जवळपास शून्य डेसिबलला ऐकू येऊ लागतो, ४० हर्ट्झला त्यासाठी पन्नासेक डेसिबल लागतात, २० हर्ट्झला पाऊणशेच्या पुढे. शेवटच्या त्या वीसेक हर्ट्झसाठी स्पीकरचा मोठा शंकू, मोठे खोके, जड अँप्लिफायर, आणि हे सगळे घेऊन जे मिळते ते ऐकण्याच्या काठावरचे. वॅटचेही तसेच. शंभर वॅटचे दोनशे केले तर वाढ मिळते तीन डेसिबलची, म्हणजे शेजारी बसलेल्याला जेमतेम जाणवेल इतकी. आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी साधारण दसपट वीज लागते. किंमत गुणाकाराने चढते आणि कानाला मिळते ती बेरीज. इंद्रियांची रचनाच अशी की पहिल्या घासाला जी चव असते ती विसाव्याला नसते, आणि तरी आपण विसाव्या घासाचे पैसे मोजत राहतो.

कानानंतर खोली. आपल्याकडच्या फ्लॅटमधला हॉल बारा फूट बाय दहा फूट असला तर त्याच्या लांबीत ४७ हर्ट्झच्या आसपासची लाट अशी अडकते की भिंतीपाशी ती दणदणते आणि बरोबर मध्यावर ठेवलेल्या सोफ्यापाशी जवळजवळ नाहीशी होते. रुंदीत तेच ५६ च्या आसपास. हे भौतिकशास्त्र कोणाच्याही पाकिटाकडे पाहत नाही. दीड लाखाचा सबवूफर त्या खोलीत त्याच खड्ड्यात पडतो ज्यात पंधरा हजारांचा पडतो. त्यावर उपाय आहे तो फुकटचा: सबवूफर काही वेळ सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, एखादे ठाय लयीचे खर्जाचे गाणे लावायचे आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत जायचे. जिथे घुमार सर्वांत सारखा, सर्वांत स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर कायमचा ठेवायचा. हातात पैसे उरलेच तर एका थोरल्या सबवूफरपेक्षा दोन धाकटे, वेगवेगळ्या भिंतींशी, हे खड्डे अधिक चांगले बुजवतात. लहान बंद खोली तर आणखी एक उपकार करते: अगदी खालच्या स्वरांना ती स्वतःच उचलून धरते, त्यामुळे मोठ्या दिवाणखान्यात अपुरा पडणारा सबवूफर इथे पुरून उरतो. वरच्या स्वरांच्या स्पीकरचे मात्र असे नाही. साधारण ८० हर्ट्झच्या वरचा आवाज कुठून येतो हे कानाला कळू लागते, संवाद तिथेच असतात, आणि संवाद कळला नाही तर सिनेमा बुडतो. म्हणून माझे स्पष्ट मत असे की बेताच्या बजेटातला मोठा वाटा पुढच्या स्पीकरांना, त्यातही मधल्या, संवादाच्या स्पीकरला द्यावा आणि सबवूफरवर उरलेले खर्चावेत. बहुतेक लोक नेमके उलटे करतात, कारण काच थरथरते ती सबवूफरने.

इथे जाणकार पहिला आक्षेप घेईल. तो म्हणेल, प्रश्न सुखाचा नाही, सत्याचा आहे. दिग्दर्शकाने, ध्वनिमुद्रकाने जो आवाज घडवला तो जसाच्या तसा पोचला पाहिजे. त्यात काटछाट करणे म्हणजे ग्रंथाची पाने फाडून वाचणे. सिनेमागृहाच्या मानकात मुख्य स्पीकरांना १०५ डेसिबलपर्यंत आणि खर्जाच्या स्वतंत्र वाहिनीला ११५ पर्यंत उसळी घेण्याची मुभा आहे. घरी ती नसेल तर आपण मूळ कलाकृती ऐकलीच नाही. आक्षेप वजनदार आहे, पण ‘मूळ’ हा शब्द त्यात फार सहज वापरला गेला आहे. न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, या शब्दावर पूर्वीच बोट ठेवले होते. त्यांच्या मते नगाऱ्यावर टिपरी पडली की जो पहिला शब्द (त्यांच्या भाषेत शब्द म्हणजे आवाज) उत्पन्न होतो तो आपल्याला कधीच ऐकू येत नाही. तो दुसऱ्याला जन्म देऊन नाहीसा होतो, दुसरा तिसऱ्याला. पाण्यावर एकामागून एक लाट उठावी तसे, हा वीचीतरंगन्याय. किंवा कदंबाच्या गोल फुलातून चहूबाजूंनी एकदम केसर फुटावेत तसे, हा कदंबगोलकन्याय. कानाशी पोचतो तो या वंशातला शेवटचा शब्द. शब्द हा आकाशाचा गुण आहे हा त्यांचा पाया आज टिकत नाही, हवा हवीच. पण ऐकलेला आवाज हा नेहमीच मुळाचा वारस असतो, मूळ नसतो, हे निरीक्षण टिकते. (दोन्ही न्यायांतला कदंबाचा मला सबवूफरसाठीच घडवलेला वाटतो, खर्ज खरोखरच चहूबाजूंनी पसरतो.) आणि ‘हुबेहूब’ची कसोटी तरी किती स्थिर? १९१५ पासून पुढची दहाएक वर्षे एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत गावोगावी जाहीर प्रयोग केले: मंचावर गायिका उभी, शेजारी ग्रामोफोन, मध्येच दिवे मालवायचे आणि आता कोण गाते आहे ते ओळखा म्हणायचे. ओळखता आले नाही असे लोक म्हणत. ते यंत्र आज ऐकले तर पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. प्रत्येक पिढीला आपले यंत्र मुळाबरहुकूम वाटले आहे. यातून सगळे स्पीकर सारखेच असा अर्थ मी काढत नाही. वाईट स्पीकर संवाद गिळतो, आणि ते खोटेच आहे. पण त्या पलीकडे मुळाच्या नावाने जी शर्यत चालते तिला शेवटची रेघ नाही, आणि रेघ नसलेल्या शर्यतीला सत्यशोधन म्हणणे जिवावर येते.

दुसरा आक्षेप मला अधिक अवघड वाटतो. समजा, महाग स्पीकर पाहून सुख वाढते ते नावामुळे, रूपामुळे. म्हणून ते सुख खोटे कसे? सुख हे अनुभवात असते, कारणात नसते. देवळात मूर्तीला दागिने घातल्यावर दर्शनाने मन अधिक भरून येत असेल, तर ‘आंधळ्या चाचणीत तुला फरक कळला नसता’ असे भक्ताला कोणी सांगत नाही. ताटाखाली रांगोळी असली की जेवण गोड लागते. हे मान्य करायलाच हवे, आणि ज्याला लाकडाच्या पॉलिशचे, धातूच्या जाळीचे सुख हवे आहे त्याने ते जरूर घ्यावे, पण लाकडाचे म्हणून घ्यावे. अडचण अशी की ते सुख आवाजाच्या नावावर खतवले जाते, आणि खतावणी चुकली की हिशेब पुढेही चुकत जातो. नाव देणारे सुख नव्या नावाने हिरावले जाते. नवे मॉडेल आले की जुना स्पीकर आहे तसाच वाजत असूनही ‘मंद’ वाटू लागतो. भक्ताचे तसे होत नाही, शेजारच्या देवळात मोठा मुकुट आला म्हणून आपल्या विठोबाचे रूप त्याला उणे वाटत नाही. त्यातही टूल आणि ऑलिव्ह यांच्या चाचणीतली ती दुसरी गोष्ट विसरता येत नाही: नावाचे सुख आले तेव्हा खऱ्या फरकांचे भान गेले. रांगोळीने जेवणाची चव मारली जात नाही. इथे मारली जाते. सुखावर माझा आक्षेप नाही. ते ज्याच्या मोबदल्यात येते त्यावर आहे.

तिसरा आक्षेप अगदी उलट दिशेने येतो, आणि तो विरक्ताचा आहे. अपरिग्रहाची भाषा करायची आणि घरात थिएटर उभारायचे, हा कसला विचार? उपभोगाने वासना शमत नाही, तुपाने आग भडकते तशी ती वाढते, हे महाभारतातल्या ययातीला मुलाचे तारुण्य वापरून झाल्यावर कळले. मग मापाचा प्रश्न येतोच कुठे, बंदच करा. संन्याशाला हे शोभते. पण गृहस्थासाठी परंपरेने त्यागाऐवजी परिमाण सांगितले, याला मी तडजोड मानत नाही. कानाच्या सुखाशी धर्माचे वैर कधीच नव्हते. खर्जाशी तर मुळीच नाही. देवळातला नगारा, देवडीवरचा चौघडा, कीर्तनातला पखवाज, तिबेटी मठांतली लांबलचक तुतारी, चर्चचा ऑर्गन: जिथे माणसाला आपण लहान आहोत असे वाटायला हवे तिथे धर्मांनी खर्जच वापरला आहे. छाती हलवणारा नाद आणि आदरयुक्त भीती यांचे जुने नाते आहे, आणि सिनेमातल्या स्फोटाने होणारा रोमांच त्याच घराण्यातला, जरा उनाड वारस आहे. फरक एवढाच की नगारा ठरलेल्या वेळी वाजतो, आरतीला, आणि आरती संपली की थांबतो. ययातीची गफलत तारुण्य भोगण्यात नव्हती, असे मला वाटते. त्याच्याकडे ‘आरती संपली’ हे सांगणारे काही नव्हते, त्यात होती.

पण स्वस्ताईची बाजू घेताना एक कबुली द्यायला हवी. मूर्च्छा महागाचीच असते असे नाही, स्वस्ताचीही असते, आणि ती अधिक बेरकी. रस्त्यावरच्या खोक्यांवर पूर्वी ‘५००० वॅट पीएमपीओ’ असे छापलेले असायचे, अजूनही कुठे कुठे असते. पीएमपीओ हा आकडा मोजायची कुठलीही सर्वमान्य रीत नाही, आणि त्याच खोक्याच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर खरी सलग ताकद पन्नास वॅटही भरत नाही. पाच हजार वॅट खरोखर वापरायचे तर घरातल्या साध्या प्लगमधून तेवढी वीजच येणार नाही, एवढा विचार केला तरी पुरे. स्पीकरच्या शास्त्रात हॉफमनच्या नावाने ओळखला जाणारा एक जुना नियम आहे: खोल खर्ज, लहान खोके आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हींपैकी दोनच मिळतात, तिसऱ्यावर पाणी सोडावे लागते. जो विक्रेता तिन्ही देतो म्हणतो तो कुठेतरी एकाच स्वराला फुगवून ठेवतो. मग ढोल असो, स्फोट असो की दार आपटणे असो, सगळे एकाच ‘धूम’ने वाजते. असा संच घेणाऱ्याने पैसे वाचवले पण कान गहाण टाकला. आकड्याच्या मोठेपणाला भुलणे आणि किमतीच्या मोठेपणाला भुलणे यांत मला तरी काही फरक दिसत नाही. म्हणून ‘परवडणारा’ या विशेषणाला मी फार मान देत नाही. संच पुरेसा असावा; पुरेसा असलेला बहुधा परवडतो, एवढेच.

आणि आता भिंत. कानाने आणि खोलीने सांगितलेली मर्यादा ओलांडली तर नुकसान आपले. भिंतीने सांगितलेली ओलांडली तर दुसऱ्याचे. फ्लॅटमधल्या चार-सहा इंची भिंतीतून वरचे स्वर अडतात, खालचे निघून जातात, कारण कंपने जितकी संथ तितकी ती अडवायला भिंत जड लागते. त्यामुळे शेजाऱ्याला सिनेमा ऐकू येत नाही, संवाद नाही, संगीत नाही. येते ती फक्त धडधड. त्यातही कानाची आणखी एक गंमत, शेजाऱ्याच्या दृष्टीने क्रूर: खर्जात ‘जेमतेम ऐकू येणे’ आणि ‘नकोसे होणे’ यांत अंतर फार थोडे असते. वरच्या स्वरात जेवढ्या डेसिबलने आवाज दुप्पट भासतो, त्याच्या साधारण निम्म्या वाढीत तो इथे भासतो. या बाबतीत कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा, आणि खाजगी ध्वनियंत्रणेने आपल्या हद्दीवर त्याहून पाचपेक्षा जास्त चढता कामा नये. पण हे डेसिबल ‘ए’ भाराने मोजलेले असतात, आणि त्या मोजणीत ५० हर्ट्झच्या आवाजाला तीस डेसिबलची सूट मिळते. शेजाऱ्याच्या पलंगापाशी ७५ डेसिबलची धडधड पोचली तरी मीटरवर उमटतात ४५. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींबद्दल जी तक्रार दर गणपतीत होते तिचेही एक मूळ इथेच आहे: घराची तावदाने खुळखुळतात आणि आकडा मात्र त्या मानाने सौम्य दिसतो. मीटर जिथे बहिरा तिथे उरते ते व्रत. जैन गृहस्थाला अनर्थदंडापासून दूर राहायला सांगितले आहे: ज्यातून आपला काही अर्थ साधत नाही अशी दुसऱ्याला होणारी पीडा. सबवूफरच्या शेवटच्या पाव वळणाची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. आपल्याला त्यातून जवळजवळ काही मिळत नाही, आणि भिंतीपलीकडचे तान्हे मूल दचकून उठते. ‘माझ्या घरात मी काहीही करीन’ म्हणणाऱ्याला कदंबाचे फूल दाखवावे. केसर भिंत पाहून फुटत नाहीत.

माप प्रत्यक्षात कसे लागते ते पखवाजाकडे पाहिले की दिसते. कीर्तनाआधी पखवाजी धुम्यावर, म्हणजे डाव्या तोंडावर, ओल्या कणकेचा गोळा थापतो. कणीक कमी पडली तर धुमा कोरडा, टणत्कारी बोलतो; जास्त झाली तर चामडे गुदमरते आणि नुसता गदगदाट होतो. म्हणून तो चिमूटभर लावतो, थाप मारतो, मान कलती करून ऐकतो, कडेने नखभर काढतो, पुन्हा थाप. त्या वेळी तो पखवाजाची किंमत आठवत नसतो. सबवूफरचे बटणही असेच लावायचे असते, आणि ते लागले कधी हे ओळखायची रीतही सोपी आहे. ओळखीचे एखादे गाणे लावून बटण हळूहळू मागे आणत जायचे. खर्ज त्या खोक्यातून येतो आहे हे वाटेनासे होते, तो गाण्यातून येतो आहे असे वाटू लागते, तिथे थांबायचे. मग सबवूफर मध्येच बंद करून पाहायचा. बंद केल्यावर काहीतरी गेले असे वाटले, आणि चालू असताना तो चालू आहे याची आठवणही नव्हती, तर जागा बरोबर. महागड्या सबवूफरची ती जागा बहुतेक वेळा बटणाच्या पहिल्या पाव वळणातच येते, आणि उरलेले पाऊण वळण, ज्याचे पैसे मोजलेले असतात, ते तसेच राहते. कीर्तन संपले की पखवाजी ती कणीक खरवडून काढतो. पुढच्या वेळी नवी भिजवावी लागते.